टेबल मेलं म्हणणाऱ्या भावा, एकदा शिरोलीत येऊन मेल उघडून बघ

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय. मेसेज असा आहे की ईमेलसाठी टेबल लेआउट (मजकूर टेबलाच्या चौकटींत बसवायची जुनी पद्धत) आता मेलं, नवीन आउटलुक क्रोमवाल्या इंजिनवर चालतंय, जीमेल सगळं सीएसएस (रंग, मापं, जागा ठरवणारे नियम) घेतंय, त्यामुळं डिव्ह (साधा डबा), पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा), फ्लेक्स (डबे मांडायची नवी पद्धत) बिनधास्त वापरा, ब्राउझरमध्ये बरोबर दिसलं की पाठवा, आणि तरी काय गडबड झालीच तर अख्खा मेल एकच इमेज करून टाका. खाली पोरांच्या टाळ्या. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून मेलर (कंपन्यांचे जाहिरातीचे मेल) बनवतोय, गिऱ्हाइकं बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली, फाउंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिलं, आउटलुक. नवीन आउटलुक आलंय हे खरं आणि ते वेबच्या इंजिनवर चालतंय हे पण खरं. पण जुनं गेलं कुठं? २००३ पर्यंत आउटलुक मेल दाखवायला इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन वापरायचं, २००७ ला मायक्रोसॉफ्टनं ते काढून वर्डचं बसवलं, म्हणजे पत्र टाइप करायच्या सॉफ्टवेअरकडं वेबपेज दाखवायचं काम दिलं. २००९ मध्ये डिझायनर लोकांनी ट्विटरवर मोठी बोंब मारली, तरी वर्ड काय हललं नाही. आता ज्याला क्लासिक म्हणतात ते हेच, आणि ते निदान २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये राहणार असं मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलंय. वरनं नवीन आउटलुकमध्ये जुने कॉम अ‍ॅड-इन (आउटलुकला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) चालत नाहीत, आणि कंपन्यांच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये कायबाय जोडलेलं असतंय, ते लोक उगंच कशाला बदलतील. आमच्या फाउंड्रीवाल्याचा मेल ज्याच्या टेबलावर उघडतो तो माणूस हाच. कॉलेजच्या पोरांना पाठवायचा मेल असला तर गोष्ट वेगळी, ती सगळी फोनवरच बघतात, तिथं तुमचं डिव्ह खुशाल चालतंय.

आता पॅडिंग, खरा घोळ इथंच आहे. मी पण एकदा असाच शहाणपणा केलता. एका फाउंड्रीच्या कास्टिंगचा मेलर होता, मस्त डिव्ह, चारी बाजूंनी २४ पिक्सेल पॅडिंग, निळं बटण, जीमेलमध्ये नाद खुळा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन, "काय ओ हे, अक्षरं सगळी कडेला चिकटलीत, आणि बटण कुठाय?" बटण होतं की, पण वर्डच्या इंजिनला डिव्ह, पी (परिच्छेदाचा टॅग) आणि लिंकवरचं पॅडिंग कळतच नाही, त्यामुळं बटणाच्या जागी नुसतं अक्षरांवर हायलायटर मारल्यागत दिसत होतं. तेच पॅडिंग टेबलाच्या टीडीवर, म्हणजे सेलवर द्या, गपगुमान ऐकतंय, कारण टेबलाचा सेल वर्डच्या ओळखीचा आहे, सेलला मार्जिन असतं हे त्याला माहितीय. बटणाचं पण तेच, रंग आणि पॅडिंग टीडीला, लिंक नुसती आत. फक्त मग क्लिक अक्षरांवरच लागतंय, कडेला लागत नाही, तेवढं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवायचं.

पण टीडी म्हणजे काय देव नव्हे. एका ओळीत दोन सेल असले आणि एकाला वरनं ३० पॅडिंग आणि दुसऱ्याला १० दिलं तर वर्ड दोघांना पण ३० देतंय, सगळ्यात मोठं वरचं पॅडिंग अख्ख्या ओळीला. डावीकडं फोटो आणि उजवीकडं मजकूर असा लेआउट असला की हे हमखास बोचतंय, आणि माणूस तासभर बघत बसतो की मी १० लिहिलंय तर हे एवढं खाली का आलंय. त्यावर उपाय एकच, सेलमध्ये आणखी एक टेबल घालायचं आणि वरची जागा त्या आतल्या टेबलात द्यायची. उभ्या जागेसाठी मी तर पॅडिंगवर भरवसाच ठेवत नाही, सरळ मोकळी ओळ टाकतो, २० पिक्सेल उंचीची, पण तिथं पण नुसती हाइट लिहून भागत नाही, फॉन्ट साइज आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) दोन्ही तेवढंच लिहायला लागतंय आणि आत एक नॉन-ब्रेकिंग स्पेस (न तुटणारी मोकळी जागा), नाहीतर वर्ड आपल्या मनानं त्या रिकाम्या सेलला अक्षराएवढी उंची देऊन मोकळं. लाइन-हाइटचं तर विचारूच नका, वर्ड ती 'निदान एवढी' अशी धरतंय, 'एवढीच' पाहिजे असली तर एमएसओ-लाइन-हाइट-रूल एक्झॅक्टली (एमएसओवाले नियम मायक्रोसॉफ्टपुरतेच) असं वेगळं सांगायला लागतंय, आणि ते लाइन-हाइटच्या आधी. टेबलाच्या डाव्याउजव्या बाजूला वर्ड जी चोरटी जागा सोडतंय ती घालवायला एमएसओ-टेबल-एलस्पेस आणि आरस्पेस दोन्ही शून्य.

आणि एक, जे त्या मेसेजवाल्याला बहुतेक कधी दिसलंच नसणार. ऑफिसातल्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग बऱ्याचदा १२५ टक्के असतंय. क्लासिक आउटलुक त्यावर फॉन्ट मोठे करतंय, पण विड्थ अ‍ॅट्रिब्यूटमधले पिक्सेल आहे तेवढेच ठेवतंय, म्हणजे डबा लहान आणि माल मोठा, सगळी जागा बोंबलली. हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, फक्त आउटलुकला दिसणाऱ्या कंडिशनल कॉमेंटमध्ये पिक्सेल्स पर इंच ९६ असं लिहिलं की बरंचसं ताळ्यावर येतंय.

जीमेल सगळं सीएसएस घेतंय म्हणे. २०१६ च्या सप्टेंबरपासून हेडमधलं स्टाइल आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणं बदलणारे नियम) घ्यायला लागलंय, हे मान्य. पण जीमेलच्याच अ‍ॅपमध्ये कंपनीचं दुसरं अकाउंट जोडलेलं असलं की तिथं ते स्टाइल जातंय उडून, इनलाइन (थेट टॅगमध्येच लिहिलेलं) असेल तेवढंच उरतंय. उणं मार्जिन (डब्याच्या बाहेरची जागा शून्याखाली देणं) जीमेल खपवून घेत नाही. आणि १०२ केबीच्या वर मेल गेला की खालचा भाग कापून लिंकच्या मागं टाकतंय, अनसबस्क्राइब पण त्याच्यातच जातंय. पी टॅगचं मार्जिन प्रत्येक मेल क्लायंट (जीमेल, आउटलुकसारखं मेल उघडायचं सॉफ्टवेअर) आपापलं लावतो, म्हणून ते स्वतः लिहायचं, शून्य असलं तरी लिहायचं. फ्लेक्स आणि ग्रिडला (तशीच दुसरी नवी मांडणी) वर्डच्या दारात प्रवेशच नाही, त्यावर काय जास्त बोलायचं.

टेबलामुळं दृष्टिहीन वाचकांना त्रास होतो हा मुद्दा मेसेजमध्ये नव्हता, पण खाली एकानं टाकला होता आणि तो चुकीचा नाही. फक्त त्यावर टेबल काढणे हा उपाय नव्हे, प्रत्येक लेआउट टेबलावर रोल प्रेझेंटेशन (हे टेबल फक्त मांडणीसाठी आहे अशी खूण) लिहा, मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ओळी-रकाने मोजत बसत नाही. हे लिहायला आपल्याला कंटाळा येतो, बाकी काय नाही.

इमेजवाला सल्ला ऐकून मला हसू आलं. जीमेल २०१३ पासून इमेज आपसूक दाखवतंय, पण क्लासिक आउटलुक बाहेरची इमेज आधी अडवतंय, परचेसवाल्याला दिसणार काय तर लाल फुलीचा पांढरा डबा. रेट कॉपी करता येत नाही, फोनवर अक्षरं मुंगीएवढी. आणि इमेज वापरायचीच असली तरी तिला डिस्प्ले ब्लॉक लावा, नाहीतर ती अक्षरासारखी ओळीवर बसते आणि खाली बारीक फट राहते, ती फट कुठनं आली ते शोधण्यात माझा एक शनिवार गेलाय, मिसळ पण गार झाली.

राहिलं ब्राउझरमध्ये बघून पाठवणं. ब्राउझर मेल उघडत नाही भावा, मेल क्लायंट उघडतो. मी आमच्या अकाउंटवाल्या काकांचा जुना पीसी धरून ठेवलाय, त्यावर क्लासिक आउटलुक आहे, स्केलिंग १२५, टॅलीचं काम थांबवून त्यांना उठवायला लागतंय आणि काका दरवेळी कुरकुरतात. पण तिथं बघितल्याशिवाय एक मेल सोडत नाही. सोडायच्या आधी तिथनंच स्वतःला फॉरवर्ड पण करून बघतो, कारण क्लासिकमधनं फॉरवर्ड केलं की वर्ड सगळं एचटीएमएल आपल्या भाषेत पुन्हा लिहितंय, आणि फाउंड्रीचा मेल परचेसवाला वाचून ठेवत नाही, तो इंजिनिअरला फॉरवर्ड करतो. मग तो इंजिनिअर जीमेलवर असला तरी त्याच्यापर्यंत वर्डमधनं गाळून आलेलाच मेल पोचतो. तो कास्टिंगवाला मेलर मग पुन्हा टेबलात केला, एकात एक धरून चौदा टेबलं झाली, कोड बघून आमची ज्युनिअर पोरगी म्हणाली, "दादा, हे काय २००५ सालचं आहे का?" म्हटलं, वर्डला विचार.