दुसऱ्याचे स्पीकर कसे जाळावेत

गावात कुणी साडेतीन फुटी स्पीकरची जोडी आणली असं कानावर आलं, की आधी पाहायला जायचं. ऐकायला नव्हे, पाहायला. सोबत दोन पोरं आणि एक साळा असावा, पायाला चिखल असला तर उत्तमच. दारातूनच विचारायचं, "कितीक पैशात बसले हे?" आकडा कळला की लगेच त्याचं पीक करायचं. माझी जोडी पावणेतीन लाखांची. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरून शेजाऱ्यानं उभ्या उभ्या हिशेब केला, "म्हंजे काकाजी, चौतीस क्विंटल कापूस या दोन डब्यात कोंबला तुमी!" हिशेब बरोबर होता. चौथीपर्यंत गणित त्याला मीच शिकवलंय.

डबेच म्हणायचं. फार मान द्यायचा असेल तर "टावर".

पाहून झालं की बोट लावायचं. वरच्या अंगाला रुपयाएवढी रेशमी टिकली दिसते. ती दाबल्याशिवाय स्पीकर पाहिल्यासारखा वाटतच नाही. दाबली की आत जाते आणि आतच राहते. पोराला शाबासकी द्या.

मग म्हणायचं, "हे वाटेत कायले ठेवले?" आणि उत्तर यायच्या आत मागे ढकलायचे, पार कोपऱ्यात. भिंतीपासून अडीच फूट सोडून, फरशीवर खडूच्या खुणा करून, खुर्चीपर्यंत सुतळीनं मापं घेण्यात समोरच्या म्हाताऱ्यानं पंधरा दिवस घातलेत, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. माझी बैठक चौदा फुटांची. एवढ्या खोलीत चाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमत राहतो, आणि स्पीकर कोपऱ्यात गेला की तो आणखी फुगतो. डग्गा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. कोपऱ्यातच ठेवायचे स्पीकर जगात नाहीत असं नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी तसा एक मुद्दाम बनवला, कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याच्या भोंग्याचा पुढचा भाग. माझे ते नव्हेत.

(खोलीचा घुमारा मारायला शहरात भिंतीला फोम चिकटवतात म्हणे. यंदा भाव पडले म्हणून पौषात आमच्या अर्ध्या बैठकीत छताला टेकेपर्यंत कापूस होता, आणि इतका नितळ आवाज मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. कापूस विकला, घुमारा परत आला. शेतीत एकदा तरी फायदा झाला, तो असा.)

आता ऐकायची वेळ. यजमान हौसेनं काहीतरी लावतोच. वसंतराव देशपांडे १९२० साली आमच्या तालुक्याच्या गावी, मूर्तिजापुरात जन्मले. तेव्हा मी त्यांचा मारवा लावला. मारव्यात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची तारही पंचमाला लावत नाहीत. पहिली दोन मिनिटं नुसता तानपुरा ऐकला तरी खोलीत तिन्हीसांज होते. सोयाबीनच्या मोजमापाचं बोलायला हीच दोन मिनिटं चांगली. शिवाय मोबाईल काढून स्पीकरचा व्हिडिओ घ्यायचा आणि साळ्याला पाठवायचा. साळा तो आपल्या मोबाईलवर वाजवून कळवतो, "बेस मस्त हाय."

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या आवाजाच्या दोन अभ्यासकांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला होता. तेच स्पीकर लोकांना एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले, एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण वेगळे पडले, न दिसता दिलेले वेगळे. आमच्या गावात पडद्याचा खर्च वाचतो. इथं ऐकण्यापर्यंत गाडी जातच नाही.

एक माणूस सोडून. आमच्या भजनी मंडळात एक आजोबा आहेत. तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन त्यांनी तरुणपणी समोर बसून ऐकलेलं. ते आले, चप्पल बाहेर काढली, किंमत विचारली नाही, खाली सतरंजीवर बसले आणि डोळे मिटले. मी एक खंजिरीचं भजन लावलं. संपल्यावर म्हणाले, "थाप काठावर पडून राह्यली, मधात नाही." एवढंच. चहा घेतला आणि गेले. माझे पावणेतीन लाख त्या एका वाक्यात वसूल झाले होते.

असो. तुम्हाला ऐकायचं नाही, न्यायचे आहेत. तर आता मागून कसे न्यायचे ते पाहू.

मागताना केलेले उपकार बोलून दाखवायचे नसतात. ट्रॅक्टरवर बसून यायचं, म्हणजे समोरच्याला आपोआप आठवतात. याच ट्रॅक्टरनं फेब्रुवारीत माझी तूर काढून दिली होती, एक रुपया न घेता. "काकाजी, येका रातीचा तं सवाल हाय. पोरीची हळद हाय. आपल्याच घरचं समजा." या वाक्याला खेड्यात नाही म्हणता येत नाही. आतून माझी बायको भांडी आपटून नाही म्हणत होती. मी हो म्हणालो.

नेताना आडवे, तोंड खाली, ट्रॉलीत तुरीच्या कुटारावर. हलू नये म्हणून वर दोन पोरं बसवायची.

प्रत्येकाच्या बुडाला चार टोकदार खिळे असतात, स्पीकर जमिनीवर घट्ट उभा राहावा म्हणून. ते काढून घ्या. कामी येतात.

जोडणीत वेळ घालवू नका. माझ्याकडची तांब्याची वायर अडीच चौरस मिलिमीटरची, पण चार हात लांब. मंडपात अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, साठ फुटांवर. मग आणा सुतासारखी बेलवायर. जोडताना लाल-काळं पाहू नका. मंडपवाल्याचा पोरगा म्हणालाच होता, "वायर वायर असते." एकाला सुलटी जोडली, दुसऱ्याला उलटी. मग एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघं मिळून एकमेकांचे खालचे सूर खाऊन टाकतात. हळदीचं गाणं आणि बेस नाही! बेसचं बटन पूर्ण फिरवा. तरी नाही? मग आवाजाचं फिरवा. ते फिरायचं थांबेपर्यंत फिरवा.

इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण माझे ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणाऱ्या त्या रेशमी टिकल्या, इथं मेले.

बैठकीत ऐकताना असा स्पीकर एक-दोन वॅटवर चालतो. खरंच, एक-दोन. माझ्या जोडीच्या कागदावर छापलंय की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल. वॅट दुप्पट केले की त्यात भर पडते फक्त तीनची. शंभर वॅट ओतले तरी १०८. आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. एक मीटरचे दोन, दोनाचे चार, आठ, सोळा. मागच्या खुर्च्यांपर्यंत जाता जाता २४ गेले, उरले ८४. समोर तीनशे माणसं, बाजूला जनरेटर, मधात नाचणारी पोरं. तिथं बैठकीतला स्पीकर हरणारच. तो त्या कामाचाच नाही. दुधाच्या गाईला औताला जुंपलं तर चार तासं मारून ती बसते, त्यात गाईची काय चूक? मंडपवाल्याकडे त्या कामाचे बॉक्स होते. रात्रीचं भाडं तीन हजार. ते वाचवायचे होते.

आणि तो अँप! वर मोठ्या अक्षरात ५,००० वॅट लिहिलेलं, आणि पिन साधी पाच अँपियरची. २३० व्होल्टला पाच अँपियर म्हणजे ११५० वॅट. साडेअकराशे आत घेऊन पाच हजार बाहेर सोडणारं यंत्र आमच्या तालुक्यात आहे, आणि तरीही आम्ही रात्री बारा वाजता पाणी द्यायला बॅटरी घेऊन वावरात जातो, हे सरकारला कुणी कळवलेलं दिसत नाही. खरं म्हणजे तो असेल ऐंशी वॅटचा. ऐंशीवाल्याकडे दोनशे मागितले की तो लाटेचा माथा कापतो. गोल टेकडीचा सपाट ओटा करतो. त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर निघतात, ढिगानं निघतात. स्पीकरच्या पोटात वरचे-खालचे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो, तो बिचारा इमानदार. वरचं जे येईल ते सगळं त्यानं ट्वीटरकडे पाठवायचं, त्याला एवढंच ठाऊक. ट्वीटरची गुंडाळी केसाएवढ्या तारेची. नेहमीच्या गाण्यात तिच्या वाट्याला थोडीच वीज येते. इथं ती तापली, जळली, तुटली. ना ठिणगी, ना धूर. म्हणून आता दारात येऊन "काकाजी, अँप तं लहान होता, मंग जळन कसं?" असं विचारायचं नाही. लहान होता म्हणूनच जळले! मोठा अँप बेतानं वाजवला असता तर निदान जीव वाचला असता.

रात्री दहाला बंद करायचं असतं. नियम २००० सालापासून आहेत. हळद दीडला संपली.

परत आणून देताना फार पुसू नका. सागाच्या पृष्ठावर हळदीची पाच बोटं उमटलेली असतात, ती आठवण म्हणून राहू द्यावी. मागच्या अंगाला एक भोक असतं. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की बाटली घुमते, तसं ते खालचे सूर घुमवतं. माझ्या एका भोकातून कुरकुऱ्यांचं पाकीट निघालं, दुसऱ्यातून फुटाण्यांची सालं आणि अर्धी चघळलेली सुपारी. विचारलं तर सांगायचं, "शेवटपर्यंत वाजून राह्यले होते बरं काकाजी, काईच नाही झालं." हे अर्धं खरं असतं. खालचे पडदे वाजतातच. ज्याला फक्त धडधड हवी, त्याच्या लेखी स्पीकर ठणठणीत असतो.

चार दिवस मी ते लावलेच नाहीत. हळद काढत बसलो, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पाचव्या दिवशी भजनी मंडळातले आजोबा आले, म्हणून लावावे लागले. तेच भजन. सतरंजीवर बसले, डोळे मिटले. मला पहिल्या ओळीतच कळलं होतं, पण मी गप्प राहिलो. अर्ध्यात त्यांनी डोळे उघडले.

"खंजिरीच्या झांजा कुठी गेल्या?"

काय सांगू त्यांना? झांजा तुझ्या मंडपात गेल्या, बाबू.

हो, तुझ्याशीच बोलतोय. सल्ले-बिल्ले संपले. तीनशे माणसं होती तिथं आणि एकालाही आवाज फाटलेला कळला नाही? का कळला, आणि तोच बरा वाटला? तुझ्याजवळ माझा नंबर आहे. "काकाजी, आवाज कसातरी येऊन राह्यला" एवढं म्हणाला असतास तर मी बनियनवर पळत आलो असतो आणि ते बटन मागं फिरवलं असतं. एका फोनचं काम होतं. तू माझ्या घरी चार वेळा आलास आणि चारही वेळा किंमत विचारलीस. एकदाही बसला नाहीस. बसला असतास तर तुला कळलं असतं, हे डबे कशासाठी आहेत ते. छत्तीस वर्षं पोरांच्या गोंगाटात उभा राहून मी पगार घेतलाय रे. शेवटी जे पैसे आले, त्यातून मला शांतपणे एक तानपुरा ऐकायचा होता. दुसरं काही नको होतं.

दोन्ही ट्वीटर बदलायला नागपूरला न्यावे लागतील. एकवीस हजार सांगितलेत, गाडीभाडं वेगळं. तुझ्याकडून एक रुपया मागणार नाही. माझी तूर तू काढलीस, ते मी विसरलेलो नाही. पण पुढच्या वर्षी तूर काढायला मी भाड्याचा ट्रॅक्टर आणीन आणि तासाचे रोख मोजीन. तेवढंच तोंड उघडं राहील मला नाही म्हणायला.

काल तू पुन्हा आलास. ट्रॅक्टरवर. "काकाजी, पोराचं साक्षगंध हाय गुरुवारी, लहानच कार्यक्रम हाय." मी काही बोललो नाही, कारण बायको समोर होती आणि तिच्या हातात उलथणं होतं. आज लिहून सांगतो. नाही. साक्षगंधाला नाही, बारशाला नाही, तान्ह्या पोळ्याला नाही.

आणि खिळे. आठ नेले होतेस, चार परत आणलेस. उरलेले चार कुठं हरवले म्हणून मी तुझ्या अंगणातली माती चाळत होतो. परवा दिसले. तुझ्या गोठ्याच्या भिंतीत ठोकलेत, आणि त्यांना तू दावी टांगलीत. संध्याकाळच्या आत काढून आणून दे.