ठोकलेली असेल तर ठोकलेली म्हणून विका ना

डोकं फिरलंय आज आणि हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. सेकंड हॅन्ड गाड्या विकणाऱ्यांनो, गाडी ठोकलेली असेल तर ठोकलेली आहे असं सांगायला तुमचं नक्की काय जातं? गाडी ठोकली जाणं हा गुन्हा नाहीये, रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, चूक त्याची असो वा नसो. नीट दुरुस्त केलेली असती तर ठोकलेली गाडी घ्यायलाही माझी ना नव्हती, मला फक्त माहीत पाहिजे होतं की मी काय घेतेय, कुठे लागलं होतं, काय बदललं, काय ठोकून सरळ केलं, वेल्डिंग कुठे मारलंय, एअरबॅग उघडल्या होत्या का. एवढं सांगा, त्या हिशोबाने भाव ठरवू, पटलं तर घेऊ नाहीतर आपापल्या रस्त्याने जाऊ. विषय तिथेच संपला असता.

आणि मी विचारलं होतं हो. समोरासमोर, स्पष्ट शब्दांत विचारलं होतं की या गाडीला कधी ऍक्सिडेंट झालाय का. माणसाने माझ्या डोळ्यात बघून सांगितलं, "नाही ताई, बंपरला ओरखडा होता, तेवढा टचअप केलाय." बोनेट उघडून दाखवलं, चालवून दाखवली, सर्व्हिसची बुकं दाखवली, सगळं चकचकीत. आमचा मेकॅनिक सोबत होता, त्याने इंजिन ऐकलं, ऑइल बघितलं, क्लच बघितला, गिअर बघितले, सगळं ओके होतं आणि खरंच ओके होतं, इंजिनमध्ये आजही काही खोट नाही. पण इंजिनचा माणूस इंजिन बघतो. पत्र्याचं काम पत्र्याच्या माणसालाच कळतं आणि नेमकं तिथेच हे लोक आपल्याला गाठतात.

कळलं कसं तर टायरमुळे. पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजायला लागला, मग अलाइनमेंट करून आणलं, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच, स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी एका बाजूला ओढायची, परत अलाइनमेंट, परत तेच, मग शेवटी अलाइनमेंटवाल्यानेच कंटाळून सांगितलं की बाई यात कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, रेंजमध्ये येतच नाहीये, हे मशीनवर सेट करायचं काम नाही, गाडी लिफ्टवर घ्या आणि खालून बघा. घेतली. पुढचा डावा एप्रन, म्हणजे बोनेटच्या आत चाकाच्या वर असतो तो पत्रा, कापून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा आणून जोडलाय. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल गोल असतात, एकसारख्या अंतरावर, मशीनने मारलेले, आणि इथे हाताने ओढलेली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, वरून ग्राइंडर फिरवलेला. त्याच्या खाली चॅसीची जी रेल असते, म्हणजे समोरून धडक बसली की पहिला मार झेलते ती, तिच्यावर सुरकुती. हातोड्याने ठोकून ठोकून सरळ करायचा प्रयत्न केलेला दिसतोय आणि मग त्या सगळ्यावर काळा अंडरकोटचा जाड थर मारून टाकलाय. बाकी कुठे असा थर नाही, फक्त तिथेच. म्हणजे ज्याने मारला त्याला पक्कं माहीत होतं तो काय झाकतोय. हा तुमचा बंपरचा ओरखडा!

आता कुणीतरी म्हणेल की पैशाचं नुकसान झालं म्हणून हिचा एवढा त्रागा चाललाय. पैशाचा राग आहेच, का नसावा, घाम गाळून कमावलेले आहेत. पण खरा संताप पैशाचा नाहीये. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो. बेला बॅरेनी नावाच्या इंजिनियरने मर्सिडीजमध्ये असताना हे डोकं लावलं आणि १९५९ पासून त्या प्रकारच्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ जगाला माहीत आहे की पुढचा आणि मागचा भाग ठरल्याप्रमाणे दुमडत जाऊन धक्का खातो म्हणून मधला पिंजरा शाबूत राहतो आणि आतली माणसं वाचतात. तो भाग कुठे दुमडणार, किती दुमडणार, कुठल्या क्रमाने दुमडणार हे सगळं आधी ठरवलेलं असतं. आणि तुम्ही तो एकदा दुमडलेला भाग हातोड्याने सरळ करता. पुठ्ठ्याचा खोका एकदा दुमडला की सरळ करून ठेवला तरी पुढच्या वेळी तो त्याच घडीवर दुमडतो, रेलचंही तसंच आहे. पुढची धडक बसेल तेव्हा ती रेल कंपनीने ठरवलेल्या पद्धतीने वागेल याची कुणीच खात्री देऊ शकत नाही. आणि त्या गाडीत मागच्या सीटवर माझी मुलं बसतात.

त्यात आजकालच्या गाड्यांचे पिलर, म्हणजे छत धरणारे खांब, वगैरे अति मजबूत बोरॉन स्टीलचे असतात. कारखान्यात ते लालबुंद तापवून साच्यात दाबून झटक्यात थंड करतात, म्हणून त्याला ती ताकद येते. गॅरेजमध्ये गॅसचा बर्नर लावून ते तापवलं की ती ताकद गेली, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून बनवणारेच सांगतात की असा भाग वाकला की तापवून सरळ करायचा नाही, तो बदलायचाच. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो, मग आतून मेण किंवा प्रायमर नीट नाही मारला की सांध्यातून गंज सुरू. हे सगळं नीट करणारे बॉडीशॉप आहेत, मी नाही म्हणत नाही, जिगवर, म्हणजे मापाच्या पक्क्या सांगाड्यावर, गाडी बांधून कंपनीच्या मापाने मिलिमीटरमध्ये ओढून सरळ करतात, जिथून कापायचं तिथूनच कापतात, बिल देतात, फोटो ठेवतात. असं काम केलेला माणूस गाडी विकताना लपवत नाही, उलट फाइल पुढे करतो. लपवतो तो ज्याने फक्त विकण्यापुरती दिसेल अशी करून घेतलीय.

आणि एअरबॅगचं तर बोलूच नका. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाइट लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. उघडलेली एअरबॅग परत घडी घालून बसवता येत नाही, नवीन घ्यावी लागते, महाग असते. मग काही महाभाग काय करतात तर एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडून देतात, सिस्टिमला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, लाइट लागतो, विझतो, आपण खूश. आत काहीच नसतं. काही जण तर तो लाइट दुसऱ्याच लाइटच्या वायरला जोडतात म्हणजे दोन्ही एकत्र विझतात. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचंही तेच, धडकेत तो एकदाच उडतो, बेल्ट खेचून धरतो आणि संपला, बदलावाच लागतो. हे करणाऱ्या माणसाला माहीत असतं की उद्या या सीटवर कुणीतरी बसणार आहे, तरी तो करतो. याला मी फसवणूक म्हणत नाही, याच्यासाठी याहून जड शब्द पाहिजे.

वर जाहिरातीत लिहायचं फाइव्ह स्टार सेफ्टी! अरे ते स्टार कुठल्या गाडीला मिळाले? युरो एनकॅप ही युरोपातली गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था १९९७ पासून गाड्या आपटून स्टार देतेय, ते कारखान्यातून निघालेल्या अख्ख्या गाडीला देतात, एप्रन कापून जोडलेल्या गाडीला नाही. ज्या क्षणी तुम्ही ती कापली आणि अंदाजाने जोडली त्या क्षणी ते स्टार गेले. ते वापरून गाडी विकायचा तुम्हाला काही अधिकार नाही.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते "नीट बघून घ्यायला पाहिजे होतं ना". ओळखीतले लोक बोलतात, नातेवाईक बोलतात, विकणाऱ्याने तर फोनवर हेच ऐकवलं, "ताई, तुम्ही बघूनच घेतली होती." म्हणजे खोटं तो बोलला आणि जबाबदारी माझी? एका सामान्य माणसाने गाडी घेताना काय काय बघायचं ते तरी ऐका एकदा. पेंटचं मीटर घेऊन प्रत्येक पॅनलवर फिरवायचं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पाचशे किंवा हजार दाखवलं की आत पुट्टी भरलीय. पण बंपर प्लास्टिकचा, त्यावर साधं मीटर चालतच नाही, आणि अख्खं बोनेट नवीन टाकून रंगवलं असेल तर मीटर जवळपास नॉर्मल दाखवणार. मग बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का बघा, रंग तडकलाय का बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले कोड वाचा, एक काच बाकीच्यांपेक्षा नंतरची निघाली तर का बदलली विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळवा. दरवाज्याची रबरं ओढून आतले वेल्ड बघा, रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, एक हेडलाइट पिवळा आणि एक पांढराशुभ्र आहे का बघा, बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का बघा, मग लिफ्टवर चढवा, मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा, आणि स्कॅनर लावूनही उपयोग होईलच असं नाही कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमधला क्रॅशचा डेटा पुसून देणारे लोक उघड धंदा करतात. बंपरच्या किंवा ग्रिलच्या मागे रडार असलेली गाडी असेल तर ते परत कॅलिब्रेट केलंय का तेही विचारा, कारण पुट्टी भरून जाड रंग मारलेल्या बंपरच्या मागून त्या रडारला समोरचं नीट दिसेलच असं नाही आणि ब्रेक स्वतःहून लागायचा तेव्हा लागणार नाही.

आता हे सगळं नोकरी, घर, पोरं सांभाळून गाडी बघायला आलेल्या माणसाने करायचं. आणि विकणाऱ्याने काय करायचं? एक वाक्य खरं बोलायचं. एक वाक्य! तेवढंही होत नाही.

रेकॉर्ड चेक करा म्हणतात. रेकॉर्डमध्ये तेच येतं जे कुणीतरी नोंदवलेलं असतं. इन्शुरन्सचा क्लेम न करता खिशातले पैसे देऊन बाहेरच्या बाहेर काम केलं की रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे जितकं काम वाईट आणि जितकं लपूनछपून, तितकी हिस्टरी क्लीन. आणि ज्या प्रामाणिक माणसाने रीतसर क्लेम केला, चांगल्या ठिकाणी काम केलं, त्याच्या नावावर नोंद लागते आणि त्याची गाडी पडेल भावात मागतात लोक. मग पुढच्या वेळी तो तरी कशाला नोंद करेल? या लपवणाऱ्यांनी खरं बोलणाऱ्यांचं पण वाटोळं केलंय.

करायचं म्हटलं तर होतं हे. ब्रिटनमध्ये इन्शुरन्सवाल्यांनी सोडून दिलेल्या गाड्यांना ऑक्टोबर २०१७ पासून एस आणि एन अशा कॅटेगरी आहेत, एस म्हणजे सांगाड्याला मार लागलाय, एन म्हणजे सांगाड्याला नाही, आणि ती नोंद गाडीच्या मागे कायमची राहते. जपानच्या लिलावात गाडीच्या शीटवर आकृती असते, कुठला पॅनल बदललाय, कुठे ओरखडा आहे, आणि सांगाडा दुरुस्त केलेला असेल तर ग्रेडच्या जागी आर लिहितात. तिथेही चोर आहेत, अमेरिकेत एका राज्यातली खराब नोंद दुसऱ्या राज्यात नेऊन धुऊन काढतात, ब्रिटनमध्ये दोन ठोकलेल्या गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडून एक गाडी विकणारे पण निघाले. पण निदान ठरलंय तरी की घेणाऱ्याला कळलं पाहिजे. फोटोसकट, सांगाड्याच्या मापासकट नोंद ठेवणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

माझ्या गाडीबद्दल किती जणांना माहीत होतं याचा विचार केला की अंगाचा तिळपापड होतो. ज्याची ठोकली त्याला माहीत, ज्याने एप्रन कापला त्याला माहीत, ज्याने रंग मारला त्याला माहीत, ज्याने त्या मालकाकडून घेतली त्याने भाव पाडायला म्हणून तरी नक्कीच खालून बघितली असणार, म्हणजे त्यालाही माहीत. एवढ्या सगळ्या लोकांच्या हातातून ती गाडी गेली आणि एकालाही वाटलं नाही की यात बसणाऱ्याला सांगावं. फक्त मलाच माहीत नव्हतं, जी त्यात रोज बसते.

आणि आता सल्ले काय येतायत, तर दिसतेय चांगली, अलाइनमेंट तात्पुरतं जमवून घे, टायर नवीन टाक आणि दे विकून पुढे, काही बोलू नकोस. चांगली शिकलेली, घरातली माणसं हे सांगतायत. मला याचा त्या विकणाऱ्याइतकाच राग येतोय, कारण ही गाडी माझ्यापर्यंत अशीच आलीय, प्रत्येकाने आपल्यापुरतं बघितलं आणि पुढे ढकलली. मी नाही ढकलणार. त्या माणसाच्या मागे मी लागलेय, रीतसर तक्रार करतेय, लिफ्टवरचे फोटो, अलाइनमेंटचे रिपोर्ट सगळं जमा केलंय. तो आता फोन उचलत नाही, न उचलू दे, लेखी पाठवलंय. ती गाडी मुलांसाठी बंद, माझ्यासाठीही बंद. उद्या विकायची वेळ आलीच तर जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहीन की पुढचा डावा एप्रन कापून जोडलेला आहे, रेल वाकलेली आहे, खाली फोटो आहेत, आणि बघायला येणाऱ्याला आधी खाली वाकायला लावीन, टॉर्च मी धरते.