"कॅम्पच्या कामाला कुठलाच कायदा लागत नाही" म्हणे, मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं

गेले पंधरा दिवस आमच्या बेळगाव भागात खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. माजी सैनिकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. थोडक्यात असा: इराक-कुवेतमधल्या अमेरिकन आर्मी कॅम्पवर गार्ड, ड्रायव्हर, स्टोअरकीपर पाहिजेत, महिना दीड लाख. आणि मग खाली "खरी माहिती" म्हणून पाच गोष्टी. युद्धाच्या भागात कंपनीला कुठल्याच देशाचा कायदा लागत नाही. एजंटला दोन लाख द्यावेच लागतात आणि पासपोर्ट कंपनीकडे राहतो, "नियमच आहे". मेलात तर भरपाई फक्त अमेरिकन माणसाला, म्हणून आमचा पंधरा हजारांचा इन्शुरन्स घ्या. व्हिजिट व्हिसावर दुबईला या, पुढचं आम्ही बघतो. आणि पगाराला टॅक्स नाही.

मी स्वतः अफगाणिस्तानात बग्रामच्या अमेरिकन तळावर दोन वर्षं स्टोअरमध्ये होतो, अमेरिकन कंपनीच्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे, नाव घेत नाही. त्यामुळे ह्यातलं काय खरं, काय थाप, हे जरा सांगतो, लांबेल पण वाचा.

पहिली गोष्ट कायद्याची. ही थाप पूर्ण हवेतली नाही, म्हणून तर खपते. अमेरिकेनं इराक ताब्यात घेतल्यावर तिथल्या हंगामी प्रशासनानं ऑर्डर १७ काढली होती आणि परदेशी कॉन्ट्रॅक्टरना इराकी कोर्टापासून संरक्षण दिलं होतं. पण ते १ जानेवारी २००९ पासून संपलं, अमेरिका-इराकच्या नव्या करारानं. आणि तेव्हासुद्धा अमेरिकेचा स्वतःचा कायदा होताच, २००० सालचा, सैन्याबरोबर परदेशात काम करणाऱ्यांनी गंभीर गुन्हा केला तर अमेरिकेच्या कोर्टात खटला चालवायचा. बगदादच्या निसूर चौकात सप्टेंबर २००७ मध्ये ब्लॅकवॉटर ह्या अमेरिकन सिक्युरिटी कंपनीच्या गार्डांनी गोळीबार केला, १७ इराकी मेले, त्या गार्डांपैकी चौघांना २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या ज्युरीनं दोषी ठरवलं. पुढे डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्पनं माफी दिली हेही खरं, पण माफी द्यावी लागली म्हणजे आधी शिक्षा झाली होती ना? इराकमधल्या अबू घरीब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या केसमध्ये तर सीएसीआय ह्या अमेरिकन कंत्राटदार कंपनीवर २००८ पासून दावा चालला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्युरीनं तिघा इराक्यांना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर द्यायला सांगितलं. सोळा वर्षं लागली. कायदा नाही असं नाही, कायदा लय सावकाश चालतो असं म्हणा.

आणि गार्ड म्हणून हत्यार घेऊन जाणाऱ्या आमच्या मराठा रेजिमेंट सेंटरच्या पोरांसाठी खास, भारतीय नागरिकानं परदेशात केलेला गुन्हा भारतीय न्याय संहितेतही बसतो. पूर्वी भादंविचं कलम ४ होतं, आता संहितेच्या पहिल्याच कलमात आहे. खटला चालवायला केंद्राची मंजुरी लागते एवढंच. म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर तीन देशांचे कायदे, आणि मेसेज म्हणतो एकही नाही.

आता दोन लाखांचं बघू, कारण खरी गंमत इथंच आहे. अमेरिकन सरकारच्या कंत्राटांत मानवी तस्करीविरुद्धचं एक कलम घातलेलं असतं, आणि ते सबकॉन्ट्रॅक्टर, त्याचा सबकॉन्ट्रॅक्टर आणि एजंट, सगळ्यांना लागतं. कामगाराकडून भरतीची फी घ्यायची नाही. पासपोर्ट काढून घ्यायचा नाही, लपवायचा नाही. पगार, जागा, राहण्याची सोय ह्याबद्दल खोटं सांगायचं नाही. घर सोडून जायचं असेल तर कामाचा कागद निघायच्या किमान पाच दिवस आधी हातात द्यायचा, आणि तो कामगाराला कळणाऱ्या भाषेत पाहिजे.

कळणाऱ्या भाषेत! इथं आपण उतारा मराठीत द्या, नोटीस मराठीत द्या म्हणून किती वर्षं तहसीलदाराच्या दारात उभे आहोत, आणि तिकडं अमेरिकेच्या कंत्राटात हे लिहून ठेवलंय आणि आमच्यातल्या एकालाही माहीत नाही. मी सही केली तो कागद इंग्रजीत होता, मुंबईत एअरपोर्टच्या बाहेर टॅक्सीच्या बॉनेटवर ठेवून सही केली, रात्री साडेअकराला, दोनचं विमान.

पासपोर्टचं पण तसंच. आमच्या ऑफिसात लोखंडी कपाट होतं, त्यात देशाप्रमाणे गठ्ठे, रबर बँड लावलेले, भारताचा निळा, फिलिपिन्सचा मरून. सुट्टीला जायचं म्हटलं की साहेब चावी शोधायचा आणि चावी आठवडाभर सापडायची नाही. ऑडिटला अमेरिकन येणार असले की आदल्या दिवशी गठ्ठे सोडून पासपोर्ट आमच्या हातात, ते गेले की परत गोळा. नियम असता तर लपवाछपवी कशाला केली असती?

आपल्या सरकारचा नियमही ऐका. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशी कामाला जाण्याच्या) कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला परदेशासाठी भरती करताच येत नाही, आणि नोंदणी असलेल्यालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी ह्याच्यावर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, पावती देऊन. अर्थात कायदा मोडला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. दोन लाख घ्यायचे आणि दोन हजार भरायचे, धंदा काय वाईट नाही.

आता भरपाई. हे सगळ्यात घातक खोटं आहे, कारण ह्यात विधवेचे पैसे बुडतात. १९४१ सालचा डिफेन्स बेस अॅक्ट म्हणून अमेरिकेचा कायदा आहे. अमेरिकन सरकारच्या कंत्राटावर परदेशात काम करणारा माणूस कुठल्याही देशाचा असू दे, त्याचा विमा कंपनीनं काढायचा, हप्ता कामगारानं भरायचा नाही. काही देशांत तिथल्या कायद्यानं भरपाई मिळत असेल तर अमेरिकेचं कामगार खातं सूट देतं, पण मग तो स्थानिक कायदा लागतो. जखमी होऊन पूर्ण बसून राहिलात तर आठवड्याच्या सरासरी पगाराच्या दोन तृतीयांश. मेलात तर बायकोला निम्मा, मुलं असली तर दोन तृतीयांशापर्यंत. ड्युटीवरच असायला पाहिजे असंही नाही, १९५१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गुआम बेटावरच्या एका माणसाची केस मान्य केली, तो सुट्टीच्या वेळी बुडणाऱ्यांना वाचवायला गेला आणि स्वतः बुडाला. कंपनीनं माणसाला धोक्याच्या जागी ठेवलं तर तिथल्या धोक्याची जबाबदारीही कंपनीचीच, असा त्याचा अर्थ.

ऑगस्ट २००४ मध्ये इराकमध्ये १२ नेपाळी पोरांना अतिरेक्यांनी मारलं, त्यांना जॉर्डनमध्ये काम म्हणून नेलं होतं. त्यांच्या घरच्यांना २००८ मध्ये ह्याच कायद्याखाली भरपाई मंजूर झाली. अमेरिकन नव्हते ते.

खाचा मात्र आहेत. जखमेची लेखी सूचना ३० दिवसांत, दावा एका वर्षात. परदेशी वारसाला विमा कंपनी एकरकमी अर्ध्यावर मिटवू शकते, हा अन्यायच आहे पण कायद्यात आहे. आणि लग्न न झालेल्या पोरांनी हे नीट वाचा: बायको-मूल नसेल तर आई-वडिलांना मिळतं, पण अपघाताआधीचं एक वर्ष तुम्ही त्यांना पोसत होता हे दाखवावं लागतं. आमची निम्मी पोरं हुंडीनं, म्हणजे हवाल्यानं, पैसे पाठवायची, शंभरावर दोन रुपये जास्त मिळतात म्हणून. हुंडीची पावती कोण देतो? बँकेतून आईच्या खात्यावर पाठवा, दोन रुपये गेले तर जाऊ देत.

पंधरा हजारांच्या इन्शुरन्सबद्दल काय बोलायचं. दहावी न झालेल्याला इराक, कुवेत धरून १८ देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते आणि त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा, १० लाखांचा, दोन वर्षांना २७५ रुपये. दोनशे पंचाहत्तर. व्हिजिट व्हिसावर गेलात की ही मंजुरीही नाही आणि हा विमाही नाही, आणि म्हणूनच एजंट व्हिजिट व्हिसा म्हणतो. शिवाय दुबईतून पुढं कुठं नेतील ते तुमच्या हातात राहत नाही. रशियात "हेल्पर" म्हणून गेलेली पोरं २०२४ मध्ये युद्धाच्या तोंडी सापडली, त्यात आपल्या कलबुर्गीचीही होती.

टॅक्सचं अर्धं खरं आहे. नोकरीसाठी गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तिकडच्या पगारावर इथं टॅक्स नाही. फेब्रुवारीत निघालात तर ते वर्ष रहिवासी म्हणूनच धरलं जाणार, पुढचं वेगळं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं पोरगं ह्याच मेसेजवरून निघालंय, पन्नास हजार आधीच दिलेत, पावतीवर नुसतं "कन्सल्टन्सी" लिहिलंय. परवा वहिनी कागद घेऊन आल्या, "भावजी, हे जरा बघा की." मी पोराला म्हटलं, दुसरं काही विचारू नको, एजंटचा नोंदणी नंबर माग, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघू. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. एजंट म्हणाला, नंबर ऑफिसात आहे, सोमवारी देतो. पोरगं म्हणालं, काका, मागच्या सोमवारी पण असंच म्हणाला होता.