तापाचा कितवा दिवस, हे विचारणं डॉक्टरकी नाही

भाऊ, तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून भाऊच म्हणते. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं असतं तर भलतंच लिहून बसले असते. आज रविवार आहे, लॅब बंद आहे, आता सावकाश लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की डेंग्यूच्या झटपट तपासणीच्या कार्डावर आयजीएमची (शरीर विषाणूविरुद्ध तयार करतं त्या प्रतिपिंडाची) रेघ उमटली म्हणजे डेंग्यू पक्का झाला असं धरू नका. ताप येऊन पाच दिवस व्हायचे असतील तर एनएसवन, म्हणजे रक्तातला विषाणूचाच अंश, बघा, आणि खात्रीच करायची तर एलायझा या यंत्राने मोजायच्या तपासणीसाठी रक्त पाठवा. त्यावर या भाऊंचं म्हणणं असं: पाचव्या दिवसाआधी आयजीएम येतच नाही हे माझं वाक्य चुकीचं आहे. एलायझाचा रिपोर्ट खेड्यात आठ-आठ दिवस येत नाही, तोवर पेशंटने काय करायचं? आयजीजी या दुसऱ्या, जास्त टिकणाऱ्या प्रतिपिंडाबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, आणि खासगी लॅबच्या दरांवर गप्प बसले. शेवटी हे वाक्य: "लॅबमधल्या बाईने सुई टोचावी, रिपोर्ट द्यावा. खेड्यात बसून डॉक्टरकी आणि विषाणूशास्त्र शिकवू नये."

पहिला मुद्दा मला मान्य आहे. "येतच नाही" असं लिहायला नको होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान निम्म्या रुग्णांत आयजीएम सापडतं असं म्हटलं आहे. पाचव्या दिवसापर्यंत ८० टक्के आणि दहाव्या दिवसापर्यंत ९९ टक्के. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेघ आली तर ती खरी असू शकते. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे आणि खाली दुरुस्तीची तारीखही टाकली आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे.

पण तेवढंच लिहून थांबला असतात तर किती बरं झालं असतं.

"बाई" या शब्दाचं मला काही वाटत नाही. आमच्या गावात शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात आणि मानाने म्हणतात. लागलं ते "सुई टोचावी". चौदा वर्षं मी हे काम करते आहे. त्यात सुई टोचायला अर्धं मिनिट लागतं. उरलेलं काम तुम्ही कधी उभं राहून पाहिलंय का? रक्त साध्या नळीत, म्हणजे प्लेन बल्बमध्ये घ्यायचं, गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजला फिरवून सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं करायचं. कार्ड फ्रिजमधून काढलं की लगेच वापरायचं नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मग खिडकीत सिरम, त्यावर बफरचे थेंब, आणि घड्याळ लावून बसायचं. किटवर वीस मिनिटं लिहिलं असेल तर विसाव्या मिनिटाला बघायचं. त्या वेळी नसलेली रेघ चाळिसाव्या मिनिटाला कधीकधी दिसायला लागते, ती धरायची नाही. रेघ फिकी असेल तर कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं करून पाहावं लागतं. बाहेर बाकावर लेकराला मांडीवर घेऊन आई बसलेली असते आणि तिचे डोळे माझ्या हाताकडे असतात.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो: ताप कधीपासून आहे? तुम्ही ज्याला डॉक्टरकी म्हणता ती एवढीच आहे. लेखातही मी हेच लिहिलं होतं. आमच्याकडे या प्रश्नाला तारखेत उत्तर मिळत नाही. "झाले असतीन दोन-चार रोज," असं म्हणतात. मग मी विचारते, बाजाराच्या आधी की नंतर? "बजाराले गेलो तवाच आंग मोडून आलं व्हतं." बाजार बुधवारचा, आज शनिवार, म्हणजे आज चौथा दिवस. कोणी डवरणीवरून सांगतं, कोणी पाहुणे कधी आले त्यावरून, कोणी गावातल्या तेरवीवरून. मी बोटांवर मोजते आणि फॉर्मवर आकडा लिहिते. हा आकडा नसेल तर कार्डावरच्या रेघेला काही अर्थ राहत नाही. एनएसवन हा विषाणूचाच भाग. तो ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकतो आणि पाच-सात दिवसांनी ओसरत जातो. आयजीएम हे शरीराने तयार केलेलं उत्तर आहे. ते मागाहून येतं आणि येऊन बसलं की दोन-तीन महिने हलत नाही. त्यामुळे आज दिसलेली रेघ आजच्या तापाची आहे की आषाढातल्या, हे कार्ड सांगू शकत नाही. ते तापाच्या दिवसावरून ताडावं लागतं.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर तुमचं वाक्य इतकं जिव्हारी लागलं नसतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पोळा दोन दिवसांवर आला होता. माझे मामाजी, म्हणजे सासरे, सोयाबीनमधलं निंदण आटोपून आले आणि रात्री अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी मीच त्यांचं रक्त घेतलं, माझ्याच हाताने. गावात तेव्हा घरोघरी डेंग्यूचं नाव होतं. एनएसवन निगेटिव्ह आला आणि आयजीएमच्या जागी एक फिकी रेघ. खरं सांगते, मला हायसं वाटलं, की चला, निदान तरी झालं. रिपोर्टवर आयजीएम पॉझिटिव्ह लिहून दिलं. डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला, त्यांचा काय दोष? सलाईन लागली, पॅरासिटामॉल चालू झालं. ताप उतरेना. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली, पाचव्या दिवशी दम लागायला लागला. पोळ्याला बैल सजवणारा माणूस गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून आम्ही नागपूरला नेला.

तिथे एका तरुण डॉक्टरने त्यांचा सदरा काढायला लावला आणि दोन्ही हात वर करायला सांगितले. डाव्या काखेत एक काळी खपली होती, विडीचा चटका बसल्यासारखी, भोवती लाल कडं. सासूबाईंनी ती आधी पाहिली होती, पण काटा लागला असेल असं त्यांना वाटलं. तो स्क्रब टायफस होता. गवतातल्या बारीक किड्यांच्या पिलांच्या चाव्यातून होणारा जंतूंचा ताप, ज्याचा डासाशी काही संबंध नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन नावाची साधी, स्वस्त गोळी आहे. ती सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला. पण तोवर मूत्रपिंडांना मार बसला होता. अतिदक्षता विभागात नऊ दिवस काढावे लागले.

घरी आल्यावर आठवलं की पेरणी झाल्यानंतर, दोनेक महिन्यांपूर्वी, त्यांना हाडं मोडून काढणारा एक ताप येऊन गेला होता. तेव्हा कोणी रक्त तपासलंच नव्हतं. कार्डावरची रेघ बहुतेक त्याच तापाची होती. दुसऱ्या दिवशी आयजीएम आहे आणि एनएसवन नाही, हे पाहून मला शंका यायला हवी होती. "डॉक्टर, ताप कालपासूनच आहे, रेघ जुन्या तापाची असू शकते, दुसरंही काही बघा," एवढा एक फोन मी करायला हवा होता. नाही केला. कारण मलाही तेव्हा कोणीतरी शिकवलं होतं की लॅबवाल्यांनी रिपोर्ट द्यावा आणि गप्प बसावं.

त्या फॉर्मची प्रत माझ्याकडे अजून आहे. "तापाचे दिवस" हा रकाना कोरा आहे.

आता विषाणूशास्त्राचं. खेड्यात बसून त्याबद्दल बोलू नये म्हणता. १९६५ साली नागपुरात तापाची साथ आली आणि त्या साथीत चिकुनगुनियाचा विषाणू ओळखला गेला. त्याच वर्षी इथल्याच रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू हाती लागला. तो वाळूमाशीतून पसरतो, आणि आज जगभरातल्या पुस्तकांत त्याचं नाव चांदीपुरा असं आहे, आपल्या नागपूर भागातलं नाव. शोध पुण्याच्या शास्त्रज्ञांनी लावला, त्यांचा मान मोठाच आहे. त्यांची संस्था १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, आज तिला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणतात. पण ते रक्त इथल्या माणसांच्या दंडातून निघालं होतं. कोणीतरी ते काढलं असेल, बाटलीवर नाव आणि तारीख लिहिली असेल, बर्फात नीट ठेवलं असेल. त्या माणसाने तापाचा दिवस चुकीचा लिहिला असता तर पुण्यातल्या सूक्ष्मदर्शकाने काय केलं असतं?

आयजीएमची एलायझाही मी ऐकीव माहितीवर लिहिलेली नाही. जिल्ह्याच्या सेंटिनल केंद्रात, म्हणजे डेंग्यूचे नमुने तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, प्रशिक्षणाला गेले होते, तेव्हा पुण्याहून आलेल्या किटवर स्वतः काम केलं आहे. शहाण्णव खळग्यांची प्लेट असते. खळग्याच्या तळाला माणसाचं आयजीएम पकडून धरणारा थर दिलेला असतो. आधी सिरम घालायचं, मग डेंग्यूचा अँटिजेन (विषाणूचा अंश), मग त्याला चिकटणारं खूण लावलेलं प्रतिपिंड. मधे मधे ३७ अंशांवर तासतासभर ठेवायचं आणि दर वेळी धुवायचं. धुण्यात कसूर झाली की सगळी प्लेट वाया जाते. शेवटी रंगाचं द्रावण घातलं की ज्या खळग्यांत डेंग्यूचं आयजीएम आहे ते निळे होत जातात, आणि आम्लाचा थेंब पडला की तोच निळा डोळ्यांदेखत पिवळा होतो. मग यंत्र तो पिवळा मोजतं. कार्डासारखं तिथे डोळ्याच्या अंदाजावर काही नसतं. म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमात कार्ड पॉझिटिव्ह आलेला रुग्ण संभाव्य धरतात आणि एलायझाने ठरलेला पक्का. हा नियम मी बनवलेला नाही.

आठ दिवसांचं तुमचं म्हणणं आहे, त्यावर इतकंच सांगते की उपचार एलायझाच्या रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात, आणि थांबवा असं मी कुठे लिहिलंही नाही. रोजचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघायचं, प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटही (रक्त किती दाट झालंय तो आकडा) बघायचं. पोटात जोराचं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं की लगेच हलवायचं, विशेषतः ताप उतरायला लागतो त्या दिवसांत. अंगदुखीला ॲस्पिरिन, ब्रुफेन द्यायचं नाही. हे सगळं एलायझाशिवाय होतं. रिपोर्टला वेळ लागतो, कारण प्लेट भरण्याइतके नमुने जमेपर्यंत केंद्र थांबतं. ही व्यवस्थेची अडचण आहे, तिचा राग माझ्या लेखावर काढून काय होणार? शिवाय सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट आहे, हेही तुम्ही लिहायचं टाळलंत.

आयजीजी एकदा डेंग्यू होऊन गेला की वर्षानुवर्षं रक्तात राहतं, जपानी मेंदूज्वरासारख्या जवळच्या विषाणूंशी त्याची गल्लतही होते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, कधीतरी लिहीन. खासगी लॅबच्या दरांबद्दल माझ्याकडे मत मागू नका, दर मी ठरवत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. काही जणांनी काढा म्हणून सांगितलं, पण ती तिथेच राहील आणि तिच्याखाली हे उत्तर राहील. पुढे लिहाल तेव्हा नाव लिहून लिहा, मी माझ्या नावाने लिहिते. भाषेवरून तुम्ही स्वतः दवाखाना किंवा लॅब चालवता असं वाटतं. तसं असेल तर उद्या तुमच्याकडचा रक्ततपासणीचा फॉर्म जरा काढून बघा. त्यावर तापाच्या दिवसांचा रकाना आहे का, आणि असला तर मागच्या दहा फॉर्मांत तो किती वेळा भरलाय, तेवढं मला कळवा.