वी यू बुडाला, पण कारण वेगळं होतं

निन्टेन्डोच्या स्विच या गेमिंग मशीनचंही त्यांच्याच जुन्या वीसारखं होईल, म्हणजे हे खूप खपलं तरी पुढचं मशीन पडेल, हा लेखातला मुद्दा पटला नाही. वी १० कोटींवर खपला आणि पुढचा वी यू दीड कोटीही गाठू शकला नाही, हे खरं. पण वी यूवर वीचे जुने गेम चालायचे, तरी तो पडला. नावावरून लोकांना ते वीचंच जोडसामान वाटलं. शिवाय तेव्हा कंपनीला टीव्हीवरचं आणि हातातलं अशा दोन मशीनसाठी वेगळे गेम बनवावे लागत. स्विचने ती विभागणीच संपवली.

स्विचची खरी अडचण कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या काडीची (जॉयस्टिकची). आत कार्बनची पट्टी असते, ती झिजली की हात न लावताही गेममधलं पात्र आपोआप चालायला लागतं. लातूर-परभणीकडच्या धुळीत तर लवकरच. कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेने) तेवढ्यापुरतं भागतं. त्यापेक्षा हॉल इफेक्टची (चुंबकावर चालणारी, पट्टी न घासणारी) काडी बसवा. तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो (साध्याने स्क्रूची डोकी जातात), आधी कंट्रोलरची बॅटरी काढायची, रिबनचं (चपट्या वायरचं) कुलूप उचलून मगच रिबन ओढायची, शेवटी सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन (नव्या काडीची जुळवणी). उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवून खेळू नका, आणि मशीन पडून असेल तर सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा.