फ्रेजेस पाठ, वाक्य तरीही चूक

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: ‘या शंभर इंग्रजी फ्रेजेस अर्थासकट पाठ करा, जशाच्या तशा वाक्यात टाका. जितक्या जास्त वापराल, तितकं लिखाण भारी.’ यादीतल्या फ्रेजेस खऱ्या आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते वापरायच्या सल्ल्याशी.

‘अर्थासकट पाठ करा.’ केला पाठ. ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणं. आणि हे पाठ असलेलीच माणसं बेधडक ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात. हवं ‘टू मीटिंग यू’. इथला ‘टू’ म्हणजे ‘टू गो’, ‘टू ईट’मधला ‘टू’ नव्हे. त्याच्यापुढे नाम लागतं. शंका आली की तिथे साधं नाम ठेवून बघा: ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’. बसलं ना? मग क्रियापदालाही ‘आयएनजी’ लावा. ‘यूज्ड टू’चा घोळ तर याहून मोठा. ‘आय यूज्ड टू राइट’ म्हणजे मी पूर्वी लिहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू रायटिंग’ म्हणजे मला लिहायची सवय आहे. यादीत दोन्हींसमोर एकच शब्द: सवय.

‘जशाच्या तशा टाका.’ यादीत ‘मेक अप युअर माइंड’ आहे म्हणून ‘शी मेड अप युअर माइंड’ लिहिलेलं मी वाचलंय. निर्णय तिचा, मन माझं! तो ‘युअर’ नुसता जागा धरून बसलेला असतो. कर्ता बदलला की ‘हर’, ‘हिज’, ‘देअर’ येतं. उलट ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, पण ती फ्रेज वाकत नाही. ‘द बकेट वॉज किक्ड’ असं कर्मणी केलंत, तर कुणी मरत नाही, फक्त बादली लाथाडली जाते.

‘जितक्या जास्त, तितकं भारी.’ हीच बादली सांत्वनाच्या पत्रात टाकून बघा. मराठीत ‘आपले वडील गचकल्याचे कळले’ असं लिहाल का?

राहिला ‘ऑन द अदर हँड’. यादीतला अर्थ ‘दुसरीकडे’. आपलं ‘दुसरीकडे’ नुसती जोडबातमी द्यायलाही चालतं. इंग्रजीला मात्र तिथे विरोध लागतो. तिने अहवाल संपवला, दुसरीकडे त्याने तक्ते संपवले, अशा वेळी ‘मीनव्हाइल’ लिहा. पगार कमी, पण काम आवडीचं, असं असेल तर खुशाल ‘ऑन द अदर हँड’.