१५ एप्रिलपर्यंत जीव टांगणीला

अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करायचा म्हणजे डिसेंबरात खिसा रिकामा करून घ्यायचा. एकेका विद्यापीठाची फी शंभर डॉलरच्या आसपास, नकार आला तरी परत नाही. नकाराचं कारण? तेही सांगत नाहीत. बरं, अर्थशास्त्र शिकलोय म्हणावं तर ह्यांना हवं रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे सिद्धता मांडायचं वरच्या पातळीचं गणित! बी.ए. केलेल्या पोराने ते आणायचं कुठून?

त्यात तीन शिफारसपत्रं. प्रत्येक विद्यापीठाचं पोर्टल वेगळं, म्हणून सरांना दर वेळी नवी लिंक. ‘सर, मेल स्पॅममध्ये गेली असेल, बघता का जरा?’ किती वेळा विचारायचं! सर वैतागतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

समजा जमलं, तर वेटलिस्ट. फंडिंगसकट ऑफर मिळालेल्यांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. मान्य, नियम चांगलाय. पण म्हणून चार-चार ऑफर उराशी धरून बसलेले हुशार लोक १४ तारखेच्या रात्रीपर्यंत हूं की चूं करत नाहीत! अरे, जिथे जायचंच नाही तिथली जागा सोडा की लेको! इकडे आम्ही पहाटे तीनला इनबॉक्स रिफ्रेश करत बसलोय.